ओळ कुठे मोडावी?

कवितेची ओळ कुठे मोडावी हे कवी ठरवतो. संगणकाच्या आज्ञावलीची ओळ कुठे मोडावी हे कोण ठरवते? उत्तर मोठे मौजेचे आहे : एका जाड कागदाच्या तुकड्याने ते ठरवले!

१९२८ साली आयबीएम कंपनीने ८० उभ्या रकान्यांचे पंचकार्ड काढले. एका रकान्यात एक अक्षर, एका कार्डावर एक ओळ. फोरट्रान भाषेत आज्ञेला ७२ व्या रकान्यापर्यंतच जागा मिळे. उरलेल्या ८ रकान्यांत अनुक्रमांक टाकीत. कारण गठ्ठा हातातून सुटला तर कार्डे पुन्हा लावता यायला हवीत ना! पुढे कार्डे गेली, पडदे आले. तेही बहुधा ८० अक्षरांचेच. सुंभ जळाला, पीळ उरला.

पायथॉनच्या २००१ सालच्या लेखननियमांत ही मर्यादा ७९ आहे. लिनक्सच्या मंडळींनी २०२० मध्ये तपासणीचा आकडा ८० वरून १०० वर नेला. मग योग्य काय?

आमच्या चौघांच्या गटाला मराठी शब्दसंग्रहाच्या छोट्या आज्ञावलीसाठी हे ठरवायचे होते. मोठा पडदा असलेला मित्र म्हणाला, "१२० ठेवू. जागा आहे की!" त्याचेही खोटे नव्हते. ओळ उगाच मोडली की अर्थही मोडतो. पण जागा कोणाकडे आहे? आमच्यातली एक मैत्रीण आणि मी सारे वाचन मोबाइलवर करतो. लांब ओळ पडद्याबाहेर पळते. बोटाने ओढून तिचा शेवट आणावा, तोवर आरंभ विसरलेला असतो. ७९ अक्षरे मोबाइल आडवा धरला तर, बारीक का होईना, मावतात.

शिवाय आपली मराठी! 'क्षितिज' या शब्दात आपण ३ अक्षरे मोजतो. पायथॉन ७ मोजतो. हलन्ताची खूण आणि दोन्ही वेलांट्या त्याच्या लेखी स्वतंत्र. म्हणजे मराठी ओळ दिसते आखूड, भरते लांब!

अखेर आम्ही ७९ हाच आकडा धरला आणि मराठी मजकुराच्या ओळींना सूट दिली. ७९ मध्ये पवित्र असे काही नाही. ओळ कितीही लांब असो, संगणक दमत नाही, दमतो वाचणारा. मर्यादा त्याच्यासाठी. आणि ती ठरवताना ज्याचा पडदा सर्वांत लहान, त्याला आधी विचारावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

— द्वितीय वर्ष, कला