माणसं माणसांसारखी दिसू देत!

नवीन टीव्ही घरी आला की काय होतं, सांगा बरं? आधी थर्माकोलचे तुकडे अख्ख्या हॉलभर. मग हळद-कुंकू, नारळ. मग वाय-फायच्या पासवर्डसाठी धावाधाव. आणि मग? मग काहीच नाही! रिमोटवरून उघडणाऱ्या त्या ‘पिक्चर’ नावाच्या मेनूत पुढची पाच-सात वर्षं कुणी पाऊलही टाकत नाही. टीव्ही खोक्यातून जसा निघाला, तसाच चालू राहतो.

आमच्या अंबाजोगाईच्या घरी यंदा दिवाळीत हेच झालं. मी पुण्यात राहते, फ्रीलान्सिंग करते, आणि दिवाळीला घरी गेले की आपोआप घरातली ‘टेक्निकल हेड’ होते. तर हॉलमध्ये नवाकोरा त्रेचाळीस इंची टीव्ही. त्यावर झेंडूची फुलं अशी पेटलेली, की हात लावला तर चटका बसेल. बातम्या देणारी मुलगी पिठाच्या गिरणीतून नुकतीच बाहेर आल्यासारखी. आणि पप्पा एकदम खूश! “बघ, काय पिक्चर आहे! कडक एकदम.”

मी म्हटलं, “पप्पा, टीव्ही घरी आलाय, पण त्याला वाटायलंय तो अजून दुकानातच आहे.”

खरंच तसंच असतं. दुकानात एका भिंतीवर वीस-तीस टीव्ही शेजारीशेजारी लावलेले असतात. वर पांढऱ्याफेक लाइट्सचा झगझगाट. अशा गर्दीत आपली नजर पटकन जाते ती सगळ्यात उजळ, सगळ्यात निळसर आणि सगळ्यात भडक पिक्चरकडे. म्हणून ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ नावाचा मोड असतो. तो दुकानाच्या भिंतीसाठी. आपल्या घरात रात्री आठ वाजता एक ट्यूबलाइट असते आणि समोर चार थकलेली माणसं. तिथे त्या मोडचं काय काम?

पप्पांचं मला कळतं, हां. दूरदर्शन रंगीत झालं १९८२मध्ये, पण आमच्या गल्लीत रंगीत टीव्ही यायला त्यानंतरही बरीच वर्षं गेली. १९८७-८८चं ‘रामायण’ ज्यांनी शेजाऱ्यांच्या ओसरीत बसून ब्लॅक अँड व्हाइटमध्ये बघितलं, त्यांच्यासाठी रंग म्हणजे श्रीमंती. जितका जास्त, तितका पैसा वसूल!

आता एक फंडा क्लिअर करू. बॉक्सवर ‘एलईडी टीव्ही’ लिहिलेलं असलं, तरी आतला पडदा बहुतेक वेळा एलसीडीच असतो. हा पडदा स्वतः उजेड देत नाही. उजेड मागून येतो, त्याला म्हणायचं बॅकलाइट. पूर्वी त्यासाठी बारीक ट्यूब असायच्या, आता एलईडी असतात. पुढे लिक्विड क्रिस्टलचे लाखो चिमुकले ठिपके खिडकीच्या झडपांसारखे उघड-मीट करत उजेड कमी-जास्त सोडतात. पण या झडपा शंभर टक्के बंद होत नाहीत. थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत एलसीडीवरचा काळा रंग राखाडी वाटतो.

त्यामुळे पहिला उपाय बॅकलाइटचा. संध्याकाळी, नेहमीचे दिवे लावून, डोळ्यांना सुखावेल इतका तो खाली आणायचा. टीव्हीची बरीचशी वीज बॅकलाइटच खातो. म्हणजे लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर मालिका बघायची असेल, तर तेवढाच जीव वाचतो. पप्पांना माझा हा एकच मुद्दा लगेच पटला!

दुसरी जोडी म्हणजे ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट. इथे नावं जाम फसवी आहेत. बऱ्याच टीव्हींमध्ये ‘ब्राइटनेस’ म्हणजे उजेड नाही, तर काळा किती काळा ते ठरवणारं बटण. काही नव्या मॉडेल्समध्ये मात्र बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि काळ्याला ‘ब्लॅक लेव्हल’. कॉन्ट्रास्ट बघतो पांढऱ्याकडे. लॅबमधली यंत्रं नकोत, आपल्याकडे आपली माणसं आहेत की! दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या बातम्या लागतात. ट्रॅक्टर, ट्रॉलीत बिऱ्हाड, वर बसलेली पोरं, बाजूला उभे म्हातारे. मी नेमकी तीच क्लिप पॉज केली. म्हाताऱ्याच्या पांढऱ्या धोतराच्या घड्या दिसतायत का? नसतील, सगळं एकच पांढरं फडकं झालं असेल, तर कॉन्ट्रास्ट कमी करा. सावलीतल्या बाईच्या केसांतला भांग दिसतोय का? नसेल, तर ब्राइटनेस किंचित वाढवा. सगळंच धुरकट झालं, तर पुन्हा एक पायरी खाली. बस्स.

गंमत सांगू? व्हिव्हिड मोडमध्ये ट्रॉलीच्या सावलीत बसलेल्या बायकांना चेहरेच नव्हते. नुसते काळे डाग. सेटिंग बदललं आणि एकदम तिथे पाच जणी दिसल्या. एकीच्या मांडीवर बाळ. आई पुढे सरकून बघायला लागली. आमच्या केज तालुक्यातल्या गावाकडची कितीतरी माणसं अशीच जातात दरवर्षी, आणि ती टीव्हीवर दिसतात तीसुद्धा अशी मिनिटभर. त्या मिनिटात तरी चेहरा दिसायला हवा ना!

मग आला खरा वादाचा विषय : कलर टेंपरेचर. मेनूत ‘कूल’, ‘नॉर्मल’, ‘वॉर्म’ असे पर्याय असतात. कूल म्हणजे पांढऱ्यात निळं मिसळलेलं. वॉर्म म्हणजे थोडं पिवळसर. सिनेमा-मालिका तयार करणारी मंडळी ज्या पांढऱ्यावर काम करतात, तो साधारण ६५०० केल्व्हिनचा असतो, आणि बहुतेक टीव्हींवर त्याच्या जवळ जातो तो ‘वॉर्म’. मी वॉर्म केलं आणि आई ओरडली, “अगं, कावीळ झाल्यावाणी दिसायलंय सगळं! कशाला उचापती करायलीस? आधीचं गोरं गोरं चांगलं होतं की.”

गोरं गोरं! तर मुद्दा हा होता. कूल सेटिंगवर सगळेच एक शेड गोरे होतात. आणि सावळेपणाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्या घरांत फक्त टीव्हीपुरता नसतो. माझ्या स्थळांसाठी काढलेले फोटो स्टुडिओवाल्याने न विचारता उजळून दिले होते. त्यातली मुलगी छान होती, फक्त ती मी नव्हते. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) किंवा ‘सैराट’ (२०१६) आठवा. तो जब्या, ती उन्हं, ती रापलेली माणसं. कॅमेऱ्याने तो रंग जपून आणायचा आणि आपल्या हॉलमधल्या मशीनने त्यावर पावडर फासायची, हा कुठला न्याय?

मी आईशी डील केलं. दोन दिवस वॉर्म ठेवायचं, मग ती म्हणेल ते. डोळ्यांना सवय व्हायला थोडा वेळ लागतो. पिवळ्या बल्बच्या खोलीत शिरल्यावर नाही का, आधी पिवळं वाटतं, मग कळतही नाही. तिसऱ्या दिवशी मी गुपचूप कूल लावलं. आई लगेच म्हणाली, “बंद कर ते, डोळ्यात घुसायलंय.” केस क्लोज्ड!

पुढचं सोपं होतं. शार्पनेस जवळपास शून्यावर. तो वाढवल्याने बारकावे वाढत नाहीत, फक्त कडांना पांढरी किनार येते. मोशन स्मूदिंग बंद. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनाने बनवून घुसवतो, म्हणून भारी सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. दिग्दर्शकांनाही याचा इतका वैताग, की २०१९मध्ये ‘फिल्ममेकर मोड’ नावाचं बटणच जाहीर झालं. तुमच्या टीव्हीत असेल, तर एका फटक्यात बरंच काम होतं. नसेल, तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ मोडपासून सुरुवात करा.

शेवटचं सेटिंग मात्र माझ्या लिस्टमध्ये नव्हतंच. आत्याच्या १९९८च्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट पप्पांनी पेनड्राइव्हवर करून आणली होती. आजोबांचं हलतं-बोलतं चित्र घरात फक्त त्या एका कॅसेटमध्ये आहे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. सगळे जमले, आजीला खुर्ची दिली. मांडवात आजोबा आले. पांढरी टोपी, धोतर, हातात अक्षता. आजी गप्प. मग म्हणाली, “हे कोण सुजल्यावाणी? हे न्हवं ते.” आणि उठायला लागली.

जुनं चित्र चारास तीन या मापाचं, नवा पडदा सोळास नऊचा. पूर्ण पडदा भरावा म्हणून टीव्ही प्रत्येक माणसाला एक तृतीयांशाने रुंद करत होता. आयुष्यभर उन्हात राबलेले माझे काटकुळे आजोबा अचानक चांगले गुटगुटीत झाले होते! मी ‘पिक्चर साइज’मध्ये जाऊन ‘फोर बाय थ्री’ केलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. पप्पा म्हणाले, “अगं, एवढी जागा वाया चालली.” तेवढ्यात आजी पुन्हा खाली टेकली. “आता हायेत ते,” म्हणाली. पदर सारखा केला आणि सगळी कॅसेट एका जागी बसून बघितली. काळ्या पट्ट्यांबद्दल पप्पा पुन्हा बोलले नाहीत.

तर मंडळी, या रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं काढाच. दुसऱ्याच्या टीव्हीचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमची खोली वेगळी, तुमचा उजेड वेगळा. घरातल्याच एखाद्या व्हिडिओतला ओळखीचा चेहरा लावा, ते माणूस शेजारी बसवा आणि दोन्हीकडे बघत बटणं फिरवा. आमच्याकडे तडजोड झालीय : दिवसा क्रिकेट पप्पांच्या भडक मोडमध्ये, बाकी सगळं माझ्या सेटिंगवर. आणि हो, काहीही बदलण्याआधी जुन्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरात लोकशाही असते, सत्तापालट कधीही होऊ शकतो!