एका थेंबावरचा निवाडा

काचपट्टीवरील एका थेंबाच्या साक्षीवर एखाद्या उमद्या जनावराच्या भावी वंशाचा निवाडा व्हावा, आणि त्या साक्षीची रुजवात घेण्याची कोणास गरजही भासू नये, याचा विषाद माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही.

माणदेशात आमच्या चुलत्यांनी खिल्लार वळू राखला होता. त्या पावसाळ्यात त्याला तिवा झाला, ताप चढून उतरला, आणि तीन आठवडे लोटतात न लोटतात तोच त्याची तपासणी झाली. कृत्रिम योनीत घेतलेले वीर्य कोमट पाण्यात सांभाळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा शुक्रजंतूंची हालचाल मंद होती. इओसिन-निग्रोसिनच्या लेपात बहुतेकांनी गुलाबी रंग घेतला, म्हणजे ते मृत होते. येथवर तक्रारीस जागा नाही.

परंतु वळूच्या वृषणात शुक्रजंतू घडण्यास सुमारे 60 दिवस लागतात, आणि तापाने नासलेले शुक्रजंतू ताप उतरल्यावरही कित्येक आठवडे वीर्यात उतरत राहतात, हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. चुलत्यांनी आजाराची हकीकत सांगितली, दोन महिन्यांच्या मुदतीने फेरतपासणी व्हावी असा अर्ज दिला. पत्रकात आजाराचा रकानाच नाही, या सबबीवर अंमलदारांनी तो नामंजूर केला. “साहेब, तापातून उठलेल्या माणसाला अंग धरायला दिवस लागतात, मुक्या जनावराला तेवढी सवलत नाही का?” असे चुलते काकुळतीने विचारीत असतानाच ‘प्रजननास अयोग्य’ हा शेरा दप्तरी दाखल झाला. शेऱ्याच्या वळूकडे गाय कोण आणणार? महिन्याभरात त्याला खच्ची करण्यात आले. तो पुढे सुधारला असता की नाही, हे आता कोणीही सांगू शकणार नाही, आणि हेच मला सर्वांत अधिक सलते.

पुष्कळ दिवस माझा रोष त्या सूक्ष्मदर्शकावरच होता. आज तो नाही. वशिंड आणि शिंगे पाहून वळू निवडावा, गाय वारंवार उलटावी, वेत बुडावे आणि दोष मात्र गायीच्या माथी बसावा, हा अन्याय गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असून तो या तपासणीनेच उघडा पडतो. उणे 196 अंशांच्या द्रवनत्रात गोठवलेल्या रेतमात्रा वितळवून त्यांतील निम्मे शुक्रजंतू तरी हालते आहेत की नाही हे पाहतात, ते याचसाठी.

पशुपालकांना विनंती एवढीच, की वळूच्या तापाची तारीख लिहून ठेवावी, ती पत्रकावर नोंदवून घेतल्यावाचून नमुना देऊ नये, आणि निकाल प्रतिकूल आल्यास दोन महिन्यांनी दुसरा नमुना तपासला जाईपर्यंत खच्चीकरणास संमती देऊ नये.