कन्हारातलं जोतं

मुलानं पुण्याहून घराचा नकाशा पाठवला. मी तो जुन्या घराच्या ओट्यावर पसरला आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार सुपाऱ्या ठेवल्या. घर देखणं होतं. सपाट छत, पश्चिमेला भिंतभर काच, अंगणातून एका पायरीत थेट दिवाणखाना.

कागदावर पश्चिम म्हणजे नुसती एक बाजू. आरमोरीत पश्चिमेला वैनगंगा आहे, आणि मे महिन्यात दुपारी तीननंतरचं ऊन. नदीपल्याडच्या ब्रह्मपुरीचा पारा 46 अंशांना शिवतो, तो काही आमचा काठ वगळत नाही. काच गेली, तिथं कवेलूंची पडवी आली.

मग पाया अडला. आमचा प्लॉट म्हणजे कालपर्यंतची धानाची बांधी. अकृषक परवानगीचा कागद मी मिस्त्रीला कौतुकानं दाखवला. त्यानं खड्ड्यातलं ढेकूळ उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. काळं, जड, बोटानं दाबलं की ठसा धरणारं. म्हणाला, "गुरुजी, हे कन्हार. पानी धरून ठेवाची याची सवय सहीनं जात नाई."

आपल्याकडे मातीला नावं आहेत: खरडी, सिहार, मोरांड, कन्हार. कुठं काय पिकवायचं ते त्यावरून ठरतं. कुठं काय बांधायचं तेही ठरतं, हे मला साठीत कळलं. कन्हार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात भेगाळतं. त्यावर उथळ पाया घातला की भिंतीला दरवर्षी नवी रेघ. मुरूम लागला तेव्हा मजुराचं डोकं तेवढं वर दिसत होतं.

राहिलं जोतं. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस गोसेखुर्द धरणाचं पाणी सुटलं आणि वैनगंगेकाठच्या गावांत घराघरांत शिरलं. त्याच डिसेंबरात एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली आली. मुंबई आणि मोजके अपवाद सोडले तर साऱ्या राज्याला एकच. पुण्याला आणि आरमोरीला एकच पुस्तक, म्हणून मी हसलो होतो. पण त्यात पूररेषा होत्या. निळी, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोहोंच्या मध्ये बंधनं. पुस्तक एक असलं तरी रेघ ज्या त्या नदीची. मी हसणं आवरलं.

आमचा प्लॉट दोन्ही रेषांच्या बाहेर आहे. तरी बांधी ती बांधीच, श्रावणात घोटाभर पाणी साचतंच. जोतं तीन फूट उचललं. "दर्शनी भाग बिघडेल," मुलगा फोनवर कुरकुरला. म्हटलं, बिघडू दे.

लहानपणी आजोबांच्या ओट्यावर बसलो की माझे पाय लोंबकळायचे. परवा नव्या जोत्याच्या कडेला बसून पाहिलं. एका पायरीच्या सहा झाल्या आहेत, आणि पाय जमिनीला टेकत नाहीत.