स्लिम, ट्रिम आणि… आतून गरम!

बारीक माणसांचं एक बरं असतं. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असो, केकचा दुसरा तुकडा उचलताना त्यांच्याकडे कुणी रोखून बघत नाही. ‘तुला काय रे, तुला चालतं!’ असं वर म्हणतात. वर्षाच्या हेल्थ चेकअपमध्येही वजनापुढे ‘नॉर्मल’ लिहून आलं, की विषय संपला. मीही त्यातलाच. वय ३२, पुण्यात आयटीतली नोकरी, वजन प्रमाणात. शर्टाखाली थोडं पोट डोकावतं, पण ते काय, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या सगळ्यांचंच असतं… त्यानं काय होतंय?

या ‘काय होतंय’मागे दोन डॉक्टरांनी आपलं अख्खं करिअर घातलंय. एक पुण्यातले, दुसरे बोस्टनमधले. मी त्यांच्या कामापर्यंत पोचलो तो मात्र आर्णीमुळे.

आर्णी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं माझं गाव. अरुणावती नदी, बाबा कंबलपोशांचा उरूस, कापूस आणि सोयाबीन. माझे बाबा तिथे कापूस पिकवतात. अंगानं काटक, वजन कधी साठच्या वर गेलेलं आठवत नाही. विडी नाही, खर्रा नाही. तरी दोन वर्षांपूर्वी अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांना हार्ट अटॅक आला. नागपूरला स्टेंट बसला, गोळ्या सुरू झाल्या. वॉर्डाबाहेरच्या बाकावर सगळे नातेवाईक एकच वाक्य बोलत होते, ‘जाड माणसाचं समजू शकतो, पण यांना कसा?’

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे संशोधक. हृदयविकार आणि मधुमेह ही तशी सख्खी भावंडं, त्यामुळे त्यांचं काम हृदयापर्यंत पोचतंच. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे कोणत्याही चेकअपमध्ये दोघेही ‘फिट’. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के! वजनकाटा एकच गोष्ट सांगत होता, आतलं शरीर वेगळीच.

हे येतं कुठून? १९९३ पासून याज्ञिकांच्या टीमनं पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढे त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्या बाबतीत लहान, फक्त चरबी त्या मानानं टिकून! ‘बारीक पण चरबीदार’ हे भारतीय शरीराचं वर्णन इथून रूढ झालं. थोडक्यात, केकशी ओळख व्हायच्या आधीच आपलं थोडंफार ठरलेलं असतं.

मला सगळ्यात जास्त टोचला तो त्यांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास. तिशी ते पन्नाशीतले ४४१ पुरुष. काही खेड्यातले, काही शहरातल्या झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. खेड्याकडून शहराकडे येता येता चरबी वाढत गेली होती आणि तिच्यासोबत रक्तातल्या दाहाच्या खुणाही. मी हसलो, पण जरा कसनुसंच. आर्णीहून पुण्याला रातभराच्या ट्रॅव्हल्सनं मी जो प्रवास केला, तो माझ्या रक्तानंही केला असणार की!

आग कुठे लागलीय?

आता हा ‘दाह’ काय प्रकार आहे? बोट कापलं की ते लाल होतं, सुजतं, गरम लागतं. शरीराची फौज कामाला लागल्याची ती खूण. ही फौज दोन दिवसांत घरी गेली तर उत्तम. पण कमी प्रमाणात का होईना, ती वर्षानुवर्षं जागीच राहिली तर? रक्तवाहिनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल साचतं, ते साफ करायला पांढऱ्या पेशी येतात, तिथेच अडकतात आणि थर धुमसत राहतो. एक दिवस तो फुटतो, वर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद. यालाच आपण अटॅक म्हणतो.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमधले डॉ. पॉल रिडकर या धुमसण्याच्या मागे लागले. १९९७ मध्ये त्यांनी दाखवलं, की धडधाकट पुरुषांपैकी ज्यांच्या रक्तात सीआरपी हे दाहाचं प्रथिन सर्वांत जास्त होतं, त्यांना पुढे अटॅकचा धोका सर्वांत कमी सीआरपी असलेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होता. मग आली ‘ज्युपिटर’ चाचणी. १७,८०२ माणसं, सगळ्यांचं एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १३०च्या खाली, पण सीआरपी जास्त. निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी, निम्म्यांना नुसतीच साधी गोळी. २००८ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण गोळीवाल्यांत अटॅक, स्ट्रोक वगैरे ४४ टक्क्यांनी कमी! साध्या हिशेबात सांगायचं तर वर्षाला शंभरात १.३६ ऐवजी ०.७७ जणांना. मुळात धोका लहान होता, तो आणखी लहान झाला.

टीकाही झाली. पैसा गोळी बनवणाऱ्या कंपनीचा होता आणि सीआरपी तपासणीच्या पेटंटवर खुद्द रिडकर यांचं नाव होतं. शिवाय एक अडचण होतीच. स्टॅटिन कोलेस्टेरॉलही उतरवतं आणि दाहही. मग फायदा नक्की कशाचा?

त्यांनी पुढची दहा वर्षं याच प्रश्नावर काढली. २०१७ मध्ये ‘कॅन्टॉस’ चाचणीचे निकाल आले. अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण, औषध असं की कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह उतरवायचा. मधल्या डोसला धोका १५ टक्क्यांनी घटला. सिद्ध झालं! पण जंतुसंसर्गानं होणारे मृत्यू वाढले, इंजेक्शन अतिशय महाग, आणि हृदयासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. मग स्वस्तातलं मेथोट्रेक्सेट करून पाहिलं, ते २०१८ मध्ये सपशेल नापास. दुसऱ्या संशोधकांनी गाउटचं जुनं औषध, कोल्चिसिन घेतलं. २०१९ आणि २०२०च्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यताही मिळाली. पण २०२४च्या मोठ्या चाचणीत, नुकताच अटॅक आलेल्या रुग्णांत, फायदा दिसलाच नाही. आपल्याकडे एक अप्रेझल वाईट गेलं तर आपण जॉब साइट उघडतो. हे लोक त्याच प्रश्नापाशी पुन्हा जाऊन बसतात!

बोंडअळीचं लॉजिक

हे सगळं मी वाचत होतो तेव्हाच बाबांचा फोन आला.

“रिपोर्ट नार्मल आला नं रे. मंग आता ते कोलेस्टेरॉलची गोयी काऊन खाऊ?”

“बाबा, तुम्ही गोळी खाताय म्हणून तो नॉर्मल आलाय.”

“अन् बंद केली तं?”

“तर काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पुन्हा होतं तिथे. स्टेंट एका जागी बसवलाय बाबा, बाकीच्या नसा तशाच आहेत.”

मग मी त्यांना त्या धुमसणाऱ्या थराचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हंजे बोंडअयीवानीच झालं हे. बाहेरून बोंड कसं हिरवंगार, अन् फोडून पाह्यलं का आत सारं किडलेलं.”

२०१७च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आमच्या भागातला कापूस खाल्ला, तेव्हा हेच झालं होतं. झाडाकडे बघून कुणाला काही कळलं नव्हतं. आता बाबा शेतात कामगंध सापळे लावतात. सलग तीन रात्री सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, की फवारणीचा विचार करायचा. एका रात्रीच्या आकड्यावर कुणी धावत सुटत नाही.

सीआरपीची तपासणी हा असाच सापळा आहे. साध्या सर्दीनंही आकडा वाढतो, म्हणून वाढलेला दिसला तर बरं वाटल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा बघतात. दर लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर उत्तम, ३च्या वर असेल तर लक्ष द्यायचं. आणि सापळा उचलून फेकला म्हणून अळी जात नाही. सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही, हे जनुकांच्या अभ्यासातून कळलंय. तो फक्त आत काय चाललंय ते सांगतो.

त्या रात्री बाबांनी गोळी घेतली. आता रोज घेतात. आई फोनवर तसं सांगते, म्हणजे खरंच घेत असणार!

आता आपलं काय?

कोल्चिसिन वगैरे मनानं घ्यायच्या भानगडीत पडू नका, ते जास्त झालं तर जिवावर बेततं. घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा, आणि लिपिड प्रोफाइलसोबत एचएस-सीआरपीची गरज आहे का ते विचारा. सिगारेट सोडणं, चालणं आणि पोटाचा घेर कमी करणं यानं दाहही उतरतो, आणि त्यावर कुणाचंच पेटंट नाही.

बीएमआय २३ ओलांडला, की आपल्या लोकांनी सावध व्हायचं असतं. शिवाय कमरेचा घेर पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा. मी शिंप्याकडे असते तसली टेप आणली. बीएमआय २२.८, कंबर ९३. सकाळी सात वाजता टेकडीवर जायला लागून आता पाच महिने झाले. कंबर ९०वर आलीय, केकचा दुसरा तुकडा मात्र अजून अधूनमधून होतो.

तेवढी टेप तुम्हीही आणा. याज्ञिकांनी स्वतःच्या चरबीचा आकडा ‘लॅन्सेट’मध्ये जगासमोर छापला. आपल्याला तर तो बाथरूमचं दार लावून एकट्यानंच वाचायचाय!