टाकळा

आमच्या कोकणात पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत जी हिरवाई दिसते, ती भाताची नसते. रस्त्याच्या कडेला, गडग्याच्या पायथ्याशी, मशिदीमागच्या पडीक जागेत, कबरस्तानाच्या वाटेवर आधी उगवतो तो टाकळा. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, उर्दूत पंवाड. शेतीच्या पुस्तकात मात्र त्याची नोंद तण म्हणून. तण म्हणजे नको तिथे उगवलेली वनस्पती. हा ‘नको’ कोणाचा, हे पुस्तकात लिहिलेले नसते.

उग्र वासामुळे गुरेही हिरवा टाकळा सहसा तोंडात घेत नाहीत. बाकी सारे चरून संपले तरी हा माळावर उभा. पानांच्या तीन-तीन जोड्या दिवसभर उघड्या असतात, अंधार पडला की मिटतात. पावसाळा सरताना पिवळी फुले येतात, मग वीतभर लांब, बारीक, वाकड्या शेंगा. टणक बी मातीत पडते आणि पुढच्या पावसाची वाट पाहते.

आमच्या दादीच्या घरात त्याला तण म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. दादा बोटीवर खलाशी. मनीऑर्डर येईल तेव्हा येईल. जून-जुलैत समुद्र उधाणलेला, त्यामुळे ताजी मच्छी बंद. आज किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना सरकारी बंदीच असते. भात अजून शेतात, हाताशी पैसा नाही, खाणारी तोंडे सात. अशा दिवसांत दादी सकाळी इरले घेऊन निघायची आणि ओटीभर टाकळा खुडून आणायची. फक्त कोवळे शेंडे. जून पान कडवट लागते. कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चणाडाळ, कधी फणसाच्या आठळ्या, कधी मूठभर सुकट. वर जमले तर ओले खोबरे. तांदळाच्या भाकरीबरोबर ती भाजी खाऊन आम्ही वाढलो.

पण मेहमान आले की तीच भाजी चुलीमागे सरकवली जायची. उसने अंडे आणून दादी त्यांच्यापुढे सालन ठेवायची. टाकळा खाणे म्हणजे घरात काही नसणे, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. एकदा अब्बांनी विचारले, “यात लपवण्यासारखं काय आहे?” दादी म्हणाली, “भाजीत काही नाही रे. लोकांच्या नजरेत आहे.”

त्या नजरेला टाकळ्याचे गुण कधी दिसले नाहीत. संस्कृतात त्याचे नाव चक्रमर्द, म्हणजे गजकर्णाची चकंदळे नाहीशी करणारा. युनानी हकीमही त्याचे बी त्वचारोगांवर वापरत आले. भाजलेल्या बियांची पूड कॉफीऐवजी वापरतात. बियांपासून काढलेला डिंक परदेशात कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्याला दाटपणा आणतो. ज्याला आपण उपटून फेकतो, त्याचे बी गोळा करून कोणीतरी पोट भरते.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2013 आणि 2014 मध्ये तो जुलैत आला, तेव्हा इफ्तारनंतरच्या ताटात टाकळा होता. तो योग आता 2045 च्या आसपास पुन्हा येईल. तोवर आमच्या वाटांवर टाकळा उरेल का, ही चिंता मात्र खरी आहे. पूर्वी बांधावरचे गवत विळ्याने काढत. आता पाठीवर पंप घेऊन तणनाशक मारतात. फवारलेली पाने दोन-चार दिवस हिरवीच दिसतात. खुडणाऱ्या बाईला ते कळावे कसे? जिच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत, तिची फुकटची भाजी अशी कोणाला न विचारता काढून घेतली जाते.

अलीकडे शहरांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात, टाकळ्याला टेबलावर मान मिळतो. चांगलेच आहे. पण तो खुडून आणणारी बाई आजही बाजाराच्या कडेला, पावसात, गोणपाटावर वाटे मांडून बसलेली असते. तिच्याशी घासाघीस करू नये. कुठून खुडला, तिथे फवारणी झाली नव्हती ना, एवढे आपुलकीने विचारावे आणि दोन वाटे घ्यावेत. घरी मेहमान असले तरी तो दस्तरखानावर सर्वांसमोर ठेवावा.