बुर्जी

१९३५ साली व्ही. के. खाडिलकर सुलतान खानाशी दहा डाव खेळले. नऊ हरले, एक बरोबरीत सोडवला.

सुलतान खानाविषयी जिथे लिहिलेलं असतं तिथे ही नोंद शेवटाशेवटाला येते. विलायत गाजवून आलेला हा माणूस मायदेशीही कुणाला हार गेला नाही, एवढं सांगण्यापुरती. लिहिणारा पुढे जातो. माझं मन मात्र दर वेळी त्या एका बरोबरीपाशी घुटमळतं.

कुणापुढे बसले होते खाडिलकर? पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा सुलतान खान, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला. आपल्या देशी बुद्धिबळावर वाढलेला, पाश्चात्त्य नियम मोठेपणी शिकलेला. सर उमर यांच्याबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकला. तीनच वर्षांपूर्वीपर्यंत जगज्जेता असलेला कापाब्लांका १९३०च्या अखेरीस हेस्टिंग्जला त्याच्यापुढे हरला. सुरुवातीच्या चाली त्याला पुस्तकातून पाठ नव्हत्या, त्यामुळे डावाच्या आरंभी तो पुष्कळदा अडचणीत असे. मग मधल्या भागात हळूहळू सावरायचा आणि शेवटी समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. १९३३च्या डिसेंबरात तो हिंदुस्थानात परतला.

अशा माणसाशी सामना खेळायचा. पहिला डाव गेला तर गेला, पण पाच गेल्यावर सहाव्यासाठी सोंगट्या पुन्हा मांडायच्या, राजा राजाच्या घरात नीट मधोमध ठेवायचा, हे मला जिंकण्यापेक्षा अवघड वाटतं. त्या दहांतल्या एका डावात सुलतान खानाला काहीच करता येईना. त्या डावाचा शेवटचा हात मी मनातल्या मनात पुष्कळदा मांडून पाहिला आहे. कधी त्यात खाडिलकरांचा हत्ती असतो, कधी विरुद्ध रंगाचे उंट. अजिंक्य माणसाकडून मिळालेला अर्धा गुण हा मला पूर्ण गुणाहून मोठा वाटतो, आणि हे माझं मत फार जुनं आहे. ते कुठून आलं तेही मला ठाऊक आहे.

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाला मागच्या अंगाला एक पडवी होती. पुढच्या खोलीत काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं, मागे सतरंजी आणि तिच्यावर पट. पट म्हणजे लाकडी पाटावर कुणीतरी रंगवलेली चौसष्ट घरं. काळ्याचा एक उंट कधीचा हरवला होता. त्याच्या जागी दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांनी औषधाच्या बाटलीचं बूच आणून ठेवलं होतं. नवा माणूस आला की त्याला आधी सांगावं लागे, हा उंट बरं का. दिवेलागणीला माणसं जमायची. पोस्टमास्तर, कंपाउंडरकाका, बाजारपेठेतले एक शिंपी, कचेरीतले अव्वल कारकून आणि माझे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. मी परकर-पोलक्यातली, आबांच्या मांडीशी टेकून बसलेली.

शिंपी सर्वांत चांगलं खेळायचे. दिवसभर मशिनीवर वाकलेला हा माणूस पटावर मात्र ताठ बसे. अव्वल कारकून दुकानात कोटाचं माप द्यायला गेले की त्यांच्याशी तोऱ्यात बोलत, आणि संध्याकाळी त्यांच्याच समोर घाम पुसत. पडवीत हुद्दा चालत नसे. बघ्यांनी बोलायचं नाही असा नियम भिंतीवर पाटीच्या रूपाने टांगलेला होता आणि त्या पाटीखालीच बसून पोस्टमास्तर दोन्ही बाजूंना सल्ला देत. कुणाचा घोडा मारला गेला की तपकिरीची डबी उघडायची. निकालांची एक वही होती, तारीखवार. ती कंपाउंडरकाकांच्या ताब्यात, कारण त्यांचं अक्षर औषधाच्या पुड्या बांधणाऱ्या माणसाचं होतं, लहान आणि स्पष्ट.

खेळ देशी पद्धतीचा. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकणार. किल्लेकोट नाही; त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला आयुष्यात एकदा घोड्याची उडी. प्यादं पलीकडच्या शेवटच्या घरात पोचलं की ते घर मुळात ज्या मोहऱ्याचं, तेच ते होणार. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट. पोटनियम गावोगावी निराळे, त्यामुळे परगावचा पाहुणा आला की आधी पाव तास नियमांवर बोलणी चालत. डाव सावकाश पिकायचे. प्याद्यांच्या भिंती समोरासमोर उभ्या राहायच्या आणि जेवणाची वेळ टळून जायची.

आणि बुर्जी. समोरच्याची एकूण एक सोंगटी मारली गेली, पटावर त्याचा एकटा राजा उरला, की डाव बुर्जी. बरोबरी. हरणाऱ्याजवळ काही उरलेलं असतानाच त्याच्यावर मात करायची. म्हणजे जिंकत आलेल्या माणसाला जपून वागावं लागे. समोरचं शेवटचं प्यादं समोर लोंबत असलं तरी ते मारायचं नाही. ते वाचवायचं, वेळप्रसंगी त्याची काळजी घ्यायची, आणि ते जिवंत आहे तोवर राजाला कोपऱ्यात गाठायचं. शिंपी यात वाकबगार. दुबळा खेळाडू उलट आपलं शेवटचं प्यादं मारून घ्यायला बघायचा, ते समोरच्या हत्तीच्या तोंडात नेऊन द्यायचा, आणि समोरचा ते घ्यायला तयार नसायचा. डावाच्या त्या टोकाला सगळ्या इच्छा उलट्या झालेल्या असत. ते पाहताना मला फार आनंद व्हायचा.

एका वर्षी शाळेत पुण्याहून गणिताचे नवे मास्तर आले. तरुण, हसतमुख, हुशार. त्यांच्याजवळ आंतरराष्ट्रीय नियमांची छापील पुस्तिका होती. त्यांनी पडवीत ती वाचून दाखवली. प्याद्याची दोन घरांची पहिली चाल सगळ्यांना आवडली, कारण वेळ वाचत होता. किल्लेकोटावर चर्चा झाली. प्याद्याने कुठल्याही घरात पोचून वजीर व्हावं हे पोस्टमास्तरांना अन्यायाचं वाटलं. बुर्जीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

तो निघाला आबांच्या आणि मास्तरांच्या डावात. आबांचं वय झालं होतं, पण चिकाटी दांडगी. शेवटी त्यांच्याकडे राजा, एक उंट (बूचच ते) आणि एक प्यादं उरलं. मास्तरांनी प्यादं घेतलं, मग उंट घेतला. त्यांच्याजवळ अखंड हत्ती होता. आबांनी हात मागे घेतला, उपरणं झटकलं आणि म्हणाले, “बुर्जी.”

“आबा, नव्या नियमात बुर्जी नाही,” मास्तर म्हणाले. “एकट्या राजावरही मात होते. दहा-पंधरा चालींत करून दाखवतो.”

“सगळं घेतलंत ना मास्तर? आता हरवायला उरलंय कोण?”

आबांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं. मास्तरही थांबले. पोस्टमास्तरांना त्या वेळी काही सुचलं नाही. शेवटी मास्तरांनीच कंपाउंडरकाकांकडून वही मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: बरोबरी, जुन्या नियमाने.

पुढच्या रविवारी मंडळींनी बसून ठरवलं की यापुढे आंतरराष्ट्रीय नियम पाळायचे. पहिला हात आबांनी वर केला. जिल्ह्याच्या स्पर्धेला पोरं पाठवायची तर जिल्ह्याच्या नियमांनी तयार व्हायला हवीत, एवढंच त्यांनी सांगितलं. त्या वयात ते किल्लेकोट शिकले, आणि एकट्या राजावर हत्तीने मात कशी करायची तेही मास्तरांकडून शिकले. घरी माझ्याशी खेळताना मात्र बुर्जी चालू राहिली. मी जिंकत आले की ते मला विचारत, “काही ठेवलंयस का आबासाठी?”

नव्या नियमांबद्दल माझी तक्रार नाही. डाव वेगवान झाले, जगभरच्या पुस्तकांतले डाव आपल्या पटावर मांडता येऊ लागले. सत्यजित राय यांच्या १९७७च्या ‘शतरंज के खिलाडी’त दोघे नबाबी मित्र अखेरीला इंग्रजी पद्धतीने पट मांडतात, ते पाहताना अवध गेल्याचं दुःख होतंच, पण मी त्यांना मनातून सांगते, खेळा, हाही खेळ चांगला आहे. फक्त बुर्जी तेवढी राहायला हवी होती. माझ्या दृष्टीने कुठल्याही बैठ्या खेळातला तो सर्वांत सुंदर नियम आहे.

आमच्यासारख्या पडव्या तेव्हा गावोगाव असतील. सांगलीत मात्र त्या पडवीचं मोठं घर झालं. हळदीच्या पेठेच्या आणि नाटकांच्या त्या गावात भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं. लोकांनी त्यांना बुद्धिबळातले भीष्माचार्य म्हटलं ते उगाच नाही. मोठ्या शहराचा आधार न घेता, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवत आणि मुलामुलींना शिकवत हा माणूस राहिला. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ झाला १९५१ साली, म्हणजे सांगलीच्या मंडळानंतर दहा वर्षांनी. मला हा क्रम आवडतो. आधी सतरंजी, मग महासंघ.

महासंघाची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरूला झाली. आपले रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांचे गुण सारखे झाले आणि अजिंक्यपद दोघांत वाटलं गेलं. देशाचा पहिला राष्ट्रीय विजेता कोण, या प्रश्नाला दोन नावांचं उत्तर आहे, आणि ते दोघांनाही शोभतं. त्या काळात बुद्धिबळावर कुणाचं पोट चालत नव्हतं. नोकरीतून रजा काढायची, तिसऱ्या वर्गाच्या डब्यात रात्र काढायची, परक्या गावी कुणाच्या तरी घरी उतरायचं आणि आठवडाभर डोक्याला डोकं लावून परत आपल्या कामावर रुजू व्हायचं. मॅन्युएल एरन १९६१ साली आंतरराष्ट्रीय मास्टर झाले, भारतातले पहिले. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमच्या आंतरक्षेत्रीय स्पर्धेत ते तळाला राहिले, पण त्याच स्पर्धेत त्यांनी पोर्तिश आणि उलमान या ग्रँडमास्टरांना हरवलं. हे दोन डाव मला त्यांच्या सगळ्या राष्ट्रीय अजिंक्यपदांहून प्रिय आहेत. आनंद ग्रँडमास्टर झाला तो १९८८ साली. तोवर या देशातलं बुद्धिबळ जवळजवळ सगळं हौशी माणसांनीच वाहून आणलं होतं.

पडवीत माझ्याखेरीज दुसरी मुलगी कधी दिसली नाही. मनाई कुणी केलेली नव्हती. कुणी येत नसे इतकंच, आणि पुढे परकराची साडी झाल्यावर मीही जाईनाशी झाले. म्हणून सुलतान खानाचं नाव आलं की मला लगेच फातिमा आठवते. सर उमर हयात खान यांच्याच घरात काम करणारी ही तरुण मुलगी. १९३३ साली हेस्टिंग्जला सुलतान खान तिसऱ्यांदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकत होता तेव्हा त्याच गावात, त्याच मेळाव्यात ती ब्रिटिश महिलांचं अजिंक्यपद जिंकत होती. एकाच घरातली दोन चाकरमाणसं, आणि इंग्लंडच्या दोन्ही गाद्या त्यांच्याकडे! मग सर उमर परतले, तसे हे दोघेही परतले. सुलतान खानाला जागतिक महासंघाने २०२४ साली मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. ते उशिरा का होईना, झालं. फातिमाला कुणी काही दिलं नाही.

भारतात महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळूरला झाली आणि वासंती खाडिलकर तिथे जिंकल्या. दोनच वर्षांनी त्यांची बहीण रोहिणी थेट पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन बसली. केवढा गदारोळ झाला तेव्हा! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि महिलांना अशी बंदी घालता येणार नाही असा निर्णय खुद्द जागतिक महासंघाचे अध्यक्ष माक्स यूव यांना द्यावा लागला. आता २०२५ साली आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि तिथल्या तिथे ती ग्रँडमास्टर झाली. त्या अंतिम सामन्यातल्या दोघीही भारताच्याच. तो पाहताना मी घरात कुणाशी बोलले नाही.

मराठी रंगभूमीला माझं एक मागणं आहे. कुणीतरी फातिमावर नाटक लिहावं. समुद्रकाठचं परकं गाव, अनोळखी भाषा, समोर टोप्या घातलेल्या इंग्रज बायका, आणि पटावर या मुलीचा हात. दुसऱ्या अंकात सुलतान खान आणि ती रात्री स्वयंपाकघरात देशी नियमांनी एक डाव खेळतात, असा प्रवेश असावा. डाव सबंध खेळवावा, चाली खऱ्या असाव्यात, आणि पहिला प्रयोग सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात लावावा.