आधी कडू, मग पोहे

नागाव-रेवदंड्याकडच्या आमच्या चुलत-आते भावंडांना भुतांची टंचाई कधी पडली नाही. चिंचेवर एक, विहिरीत एक, आगरातल्या जुन्या माडाखाली एक. पण आश्विन वद्यातल्या दिवाळीच्या रात्री या सगळ्यांचा बंदोबस्त घरातल्या माणसांत वाटून दिलेला असे. आमच्या वाट्याला कारिटं यायची.

भाताच्या खाचरांच्या बांधावरून आणि वईवरून आम्ही ती वेलासकट ओढून आणायचो. धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला काकू कणकेचा दिवा करून अंगणात ठेवी, वात दक्षिणेकडे. यमाने घरातलं कुणी अवेळी नेऊ नये, म्हणून. चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी चिंचेने घासलेल्या हंड्यात पाणी भरायचं नि त्याच्या गळ्यात कारिटाचा वेल गुंडाळायचा.

‘उजाडायच्या आत न्हाला नाही तो नरकात,’ हा आजीचा दम. अंगाला नारळाचं दूध, त्यावर उटणं. एकजण न्हात असताना बाकीच्यांनी न्हाणीच्या दाराशी फुलबाज्या उडवायच्या. मग कुडकुडत तुळशीपाशी. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट, ‘गोविंदा, गोविंदा’चा गजर, आणि फट्! नरकासुर मेला. गर कपाळाला, बी जिभेला. ते इतकं जहर कडू, की डोळ्यांत पाणी यायचं. थुंकणाऱ्याला आत्या दुसरं बी द्यायची. ते पार पडलं की गूळपोह्यांची वाटी.

पाडव्याच्या पहाटे आजी कोपरान्‌कोपरा झाडत यायची, मागून मोठी काकू सूप बडवत. ‘इडापिडा टळो, बळीचं राज्य येवो!’ केर, जुनी केरसुणी आणि एक पणती वाटेच्या कडेला ठेवून परतायचं, मागे वळून बघायचं नाही. आमच्यातल्या एकाने बघितलं. त्याला काहीच झालं नाही. आजी म्हणाली, “सूप नीट बडवलं होतं म्हणून वाचलास.”

पुढे कळलं, की आयर्लंडातही ३१ ऑक्टोबरच्या रात्री, सुगी सरताना, मेलेली माणसं घराकडे फिरतात अशी समजूत होती. सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. गोड पावात अंगठी दडवत, ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं वर्षात लग्न. परकं काही वाटलं नाही. आपल्याही धर्मग्रंथांत दिवाळीत पितरांना वाट दिसावी म्हणून उल्कादान सांगितलेलं आहेच. तिथे काय नि इथे काय, अंधाऱ्या रात्री मोठ्यांनी पोरांना धीर दिला तो हाताला काम देऊन.

२०२४ साली नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. ठाण्याच्या सोसायटीत संध्याकाळी नातवंडं चेटकिणी होऊन गोळ्या मागत दारोदार फिरली. आमच्या दारी पहाटेची चार कारिटं उरलेली होती. गोळी कुणालाच फुकट मिळाली नाही: आधी बी, मग गोळी.